गणपाची बायको

मतदारयादीच्या छापील कागदाचा वास आला, की मला गडमुडशिंगी गावातल्या एका घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, आठवते. पहिल्या लोकसभेसाठी आम्ही शिक्षक घरोघर मतदारांची नावे टिपत होतो. त्या घरी सुनेचे नाव विचारताच सासरा म्हणाला, "परक्याला बाईमाणसाचं नाव सांगत न्हाईत, मास्तर. गणपाची बायकू लिवा की!"

स्वतःच्या नावाविना नोंद रद्द होते, हे मी समजावले. तो नुसता हसला. दाराआड उभ्या सुनेच्याही तोंडून नाव निघेना. शेवटी मी 'गणपाची बायको' असेच लिहिले.

निघताना दाराआडून हळूच प्रश्न आला, "माजं मत लिवलं न्हवं, गुरुजी?"

"लिहिलं," मी म्हणालो.

आजही यादी हाती आली, की मी तिला शोधू लागतो. पण कोणत्या नावाने शोधायचे, तेच मला ठाऊक नाही.