पलंगाला जोडायचा पाळणा

आमच्या घरात पलंग नाही, हे माझ्या लक्षात यायला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष उजाडलं.

म्हणजे तोपर्यंत मी डोळे मिटून राहत होते असं नाही. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी जन्मापासून आहे. रात्री गाद्या घालायच्या, सकाळी गुंडाळून कोपऱ्यात रचायच्या आणि दिवसभर त्या ढिगाला सोफा म्हणायचं, ही आमची पद्धत. जी वस्तू कधी नव्हतीच, ती नाही हे दिसणार तरी कसं? (असंच काहीसं मी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत न घेतलेल्या रीडिंगबद्दल सरांना सांगितलं होतं. त्यांना पटलं नाही.)

तर झालं असं, की माझी मोठी बहीण, मनीषाताई, बाळंतपणाला कळवणहून माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ तुझ्याजवळ झोपू दे, पण त्याचं अंथरूण वेगळं ठेव." त्यांनी सहज सांगितलं, ताईने मात्र ते मनावर घेतलं. कारण ताई झोपेत लोळते. लहानपणी आम्ही शेजारी झोपायचो, तेव्हा ती रात्रभरात गादीच्या या टोकापासून माझ्या अंगावरून त्या टोकाला जायची. मी जिवंत राहिले कारण मी तेव्हा आठवीत होते. ही पोरगी मात्र अजून वितीएवढी!

घरी आल्यापासून ताई भिंतीला टेकून बसून राहायला लागली. डोळे तांबारलेले, मान डुलतेय, पण आडवी व्हायला तयार नाही.

"अगं, झोप की जरा," आई म्हणाली.

"नको. माझ्याखाली आली तर?"

"आमच्या नाही आल्या कधी पोरी खाली!"

"सोनी यायची," ताई म्हणाली. (सोनी म्हणजे मी.)

आईने जुनं लुगडं काढून झोळी बांधायची तयारी केली. ताईने झोळीकडे बघितलं, वरच्या हुकाकडे बघितलं आणि आणखी ताठ बसली. मग आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, निकाल दिला. "सोनीला विचारा. ती कॉलेजात हाय."

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आप्पा टोमॅटोचा टेम्पो चालवतात, शाळा त्यांनी सातवीत सोडली. त्यामुळे कॉलेजात सगळं शिकवतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. गॅसचा रेग्युलेटर बसत नाही, सोनीला विचारा. आत्याच्या गुडघ्याला कुठलं तेल लावू, सोनीला विचारा. आणि मला "माहीत नाही" म्हणायचा इतका संकोच वाटतो, की मी "बघून सांगते" म्हणते. त्यांना वाटतं मी पुस्तकात बघते.

पण या वेळी मी खरंच बघितलं. मनापासून. मोबाईलवर मिळेल ते वाचलं, व्हिडिओ पाहिले. बाळाची गादी कडक आणि सपाट हवी. कडेला जाळी हवी, म्हणजे श्वास कोंडत नाही. आत उशी नको, गोधडी नको, खेळणं नको. आणि सगळ्यांत छान म्हणजे पलंगाला जोडायचा पाळणा! त्याची एक बाजू खाली होते, आईने हात लांब केला की बाळ हाताशी, आणि तरी अंथरूण वेगळं. शिवाय घडी करून कुठेही नेता येतो. मी ताईला चित्र दाखवलं.

"ह्याच्यात ती माझ्याखाली येणारच नाही?"

"शक्यच नाही."

"सोने," ताई म्हणाली, "हा आणलास ना, तर मी झोपेन." आणि तिचे डोळे भरून आले. आता सांगा, अशा वेळी कुणाला पलंग आठवेल?

आप्पा आणि मी दुकानात गेलो. मोठं, काचेचं दुकान. आप्पा चपला दाराबाहेर काढून आत आले. मी हळू आवाजात म्हणाले, "ते... म्हणजे... बाळाचा, पलंगाला जोडायचा... असतो ना?"

दुकानदाराने पाळणा पुढे ढकलला. मी जाळी ताणून पाहिली. गादी दाबून पाहिली. पायांना आतून खिट्ट्या होत्या, त्या लावताना "खट्" आवाज यायला हवा, असं मी वाचलं होतं. आला. मी पुन्हा पुन्हा खट् केलं. आप्पा शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "पोरगी सायन्सला हाय आमची."

"पलंगाची उंची किती आहे, मॅडम?" दुकानदाराने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मॅडम म्हणालं होतं. त्या शब्दाने माझं डोकं इतकं हलकं झालं, की मी तितक्याच भारदस्तपणे उत्तर दिलं, "नेहमीची असते तेवढीच."

घरी आल्यावर मी माहितीपत्रक उघडून एकेक भाग जोडला. पाळणा उभा राहिला. पांढरी जाळी, राखाडी कापड, अगदी परदेशी दिसत होता. ताईची गादी मी त्याला चिकटून घातली. "आता आडवी हो," मी अभिमानाने म्हणाले.

ताई आडवी झाली.

ताईने वर पाहिलं, बाजूला पाहिलं, हात लांब केला. तिच्या हाताला पाळण्याचा पाय लागला.

"सोने," ती खालून म्हणाली, "ही वरच्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर का गं?"

"पलंगाला जोडायचा आहे तो," मी म्हणाले.

"कुठल्या पलंगाला?" आईने विचारलं.

मी खोलीभर नजर फिरवली. खरंच सांगते, मी शोधत होते!

पाळणा परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही. मी येताना रडले. आप्पा मात्र वाटेत एकदम खुशीत आले. "त्यात काय? पाळणा खाली येत नाय, तर मनीला वर नेऊ!"

संध्याकाळी त्यांनी टेम्पोतून टोमॅटोचे रिकामे क्रेट आणले. बाहेरच्या खोलीत ते उलटे मांडून नायलॉनच्या दोरीने आवळले, वर प्लायवूड टाकलं, त्यावर गादी. झाला पलंग! मजबुती सिद्ध करायला आप्पा स्वतः त्यावर उड्या मारून दाखवत होते. ताई चढून बसली. बसल्या बसल्या क्रेट करकरले.

"आप्पा, मी टोमॅटो वाटतेय मला."

"वाटू दे. उंची बघ!"

पाळण्याची उंची एक खाच वर केल्यावर तो बरोबर गादीला येऊन भिडला. मी मध्ये पट्टी घालून पाहिली, फट नव्हती. पट्टी आत गेली नाही तेव्हा मला विद्यापीठात पहिली आल्यासारखं वाटलं. मी बाळाला उचलणार, तेवढ्यात आई ओरडली, "ठेव खाली! बारसं झाल्याशिवाय पाळण्यात घालतात का कुणी?"

म्हणजे बाराव्या दिवसापर्यंत ताई पुन्हा भिंतीला टेकून! आई आणि मी आळीपाळीने बाळ मांडीवर घ्यायचो, तेव्हा ती डुलकी काढायची, आणि दचकून उठून आधी स्वतःच्या खाली बघायची.

बारशाला ताईच्या सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आत्याबाई, कळवणहून आल्या. बोलायला रोखठोक, पण सुनेवर जीव. त्यांनी पाळण्याभोवती एक फेरी मारली.

"हा पाळणा हाय का भाजीची जाळी?"

"आत्याबाई, जाळीमुळे हवा खेळती राहते," मी म्हणाले.

"आणि हालत कसा नाय?"

"तो... हलवायचा नसतो."

"हालत नाय तो पाळणा कसला?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून मोहरीची उशी, दोन दुपटी आणि एक गोधडी काढली. मी घाबरत घाबरत सगळं पुन्हा पिशवीत भरलं. "आत काही ठेवायचं नाही, आत्याबाई."

"मग पोरगी काय बाहेर ठेवायची?"

सगळ्या बायका खदाखदा हसल्या. मला फार लागलं ते. इतकं वाचून, इतकं बघून आणलेली वस्तू! मनात म्हटलं, थांबा, एकदा नीट समजावून सांगते. बाहेरच्या खोलीत पलंगामुळे बसायला जागा नव्हती, म्हणून बारसं आतल्या खोलीत ठरलं होतं. मी पाळण्याची घडी केली, आत नेला आणि सगळ्यांसमोर पुन्हा उभा केला. तोंडाने चालूच होतं. "बघा, हे पाय असे उघडायचे. ही खिट्टी अशी लावायची. आणि ही बाजू अशी खाली करायची, म्हणजे आईला बाळ दिसतं." बाजू खाली केली, ती तशीच ठेवली. बायका माना डोलवत होत्या. एक जण व्हिडिओ काढत होती. मी तिच्याकडे बघून थोडी हसलेसुद्धा.

आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. पाट्यावर वाटण वाटायचा दगडी वरवंटा. त्याला टोपडं घालतात, कुंकू लावतात, आणि तो नीट निजला की मग बाळाची पाळी. मला ही प्रथा नेहमी गमतीची वाटायची. आत्याबाईंनी टोपडं घातलेला वरवंटा माझ्या स्वच्छ, कडक, सपाट गादीवर ठेवला. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि म्हणता म्हणता, जन्मभराच्या सवयीने, चौघींनी चारी बाजूंनी धरून तो हलवला.

"हलवायचा नसतो!" मी ओरडले आणि धरायला पुढे धावले.

एक पाय आत दुमडला. पाळणा कलला. वरवंटा आधी हळू, मग झपाट्याने गादीवरून घरंगळला, खाली केलेल्या बाजूने बाहेर आला, आणि टोपड्यासकट माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

माझी किंकाळी म्हणे खाली पानाच्या टपरीपर्यंत गेली.

"अगं बया!" आत्याबाई ओरडल्या. "वरवंटा बघा फुटला का!"

वरवंट्याला काही झालं नव्हतं. मी जमिनीवर बसून पाय धरला होता. समोर ताई उभी होती, बाळाला छातीशी घट्ट धरून, पांढरीफटक. बाळ शांत झोपलेलं. वरवंट्यानंतर पाळण्यात तेच जाणार होतं. हे माझ्या डोक्यात आलं आणि क्षणभर अंगठा दुखायचा थांबला.

मी सरपटत पाळण्याजवळ गेले. तीन खिट्ट्या लागलेल्या होत्या. चौथीच्या वेळी मी कॅमेऱ्याकडे बघत होते.

"पाळणा चांगला आहे," मी हुंदके देत म्हणाले. "मीच एक खिट्टी लावायची विसरले."

ताईने वाकून तो दुमडलेला पाय बघितला. मग म्हणाली, "सोने, ह्याचे पाय काढूनच टाकता येतात का गं?"

मी माहितीपत्रक आठवलं. येत होते! वरचा भाग नुसता जमिनीवरही ठेवता येतो, असं त्यात चक्क चित्रासकट होतं. ते पान मी उलटून टाकलं होतं, कारण ते पलंग नसलेल्यांसाठी होतं.

आप्पांनी पाय काढले. वरचा भाग जमिनीवर ठेवला. "आता काय पडणार? पडायला खालीच काय नाय!" आत्याबाईंनी वरवंटा पुन्हा निजवला. बायकांनी जोर लावून हलवून पाहिलं. जागचा हलला नाही. आत्याबाईंनी स्वतः कोपराने दाबून पाहिलं आणि गोधडीची पिशवी मुकाट्याने बाजूला सारली. मग बाळ आत गेलं, नाव ठेवलं गेलं. मला मात्र नाव नीट ऐकू आलं नाही, कारण आप्पा मला उचलून टेम्पोत घालत होते.

अंगठा मोडला होता. घोट्यापर्यंत प्लास्टर. "जमिनीवर बसायचं-उठायचं नाही, पाय उंच ठेवायचा," डॉक्टरांनी बजावलं. आम्ही घरी आलो तर आतल्या खोलीत ताई तिच्या नेहमीच्या गादीवर, जमिनीवर, आडवी होऊन गाढ झोपली होती. पाळणा गादीला भिडलेला, एक हात आत, बाळाच्या पायावर. घोरत होती! आत्याबाई दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "शूऽ" करत होत्या.

मला बाहेरच्या खोलीत टोमॅटोच्या पलंगावर चढवण्यात आलं. पायाखाली मोहरीची उशी आली. पंख्याचं वारं लागू नये म्हणून आईने माझ्या कानांवरून रुमाल बांधला, आणि हाडं भरून येतात म्हणून ताईसाठी केलेली अळिवाची खीर वाटीभर हातात दिली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या काकू बाळाला बघायला आल्या. आमच्या घरात बाळंतपण झालंय, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी दारातून पाहिलं: पलंग, रुमाल, खीर. त्या थेट येऊन माझ्याजवळ बसल्या, बाळाचं झबलं माझ्या मांडीवर ठेवलं आणि मायेने माझ्या गालावरून हात फिरवला.

"किती उतरलाय गं चेहरा! नॉर्मल झालं का सिझर?"

या वेळी मी "बघून सांगते" म्हणाले नाही. खरं तेच सांगितलं.

"फ्रॅक्चर."