सिडोनीच्या घरची पाच ते सात

सिडोनी ग्रांप्रेच्या घरी पार्टी असली, की सकाळीच पलंग घराबाहेर निघायचे. आमच्या सातव्या वॉर्डातली घरं म्हणजे एकामागं एक ओळीनं खोल्या. पुढच्या दारातून शिरलेला माणूस झोपायच्या खोल्या तुडवतच स्वयंपाकघरात पोचणार. पाहुण्यांनी काय गाद्या ओलांडत जायचं? सिडोनी पलंग खोलायला लावायची. फळ्या शेजारच्या अंगणात, गाद्या शेजारणीच्या माजघरात. खुर्च्याही बाहेर. "बसला माणूस की त्याला मुळं फुटत्यात," ती म्हणायची. त्या रात्री नवराबायको जमिनीवर पाठ टेकायची; पण पाच वाजता दार उघडलं की वाटायचं, या घरात कुणी झोपत नाही, कुणी आजारी पडत नाही, माणसं नुसती दिव्याखाली उभी राहून हसतात.

बाई कपडे शिवायची. नवरा ओविद गिलावा करणारा गवंडी. मी त्याच्या हाताखालचा बिगारी, नदीच्या वरच्या अंगाच्या उसाच्या मुलखातून न्यू ऑर्लिन्सला आलेला. आमच्या गावी पार्टी म्हणजे डुक्कर कापायचं आणि पिपातली दारू डबड्यानं प्यायची. त्यामुळं पहिल्या वर्षी मी सिडोनीच्या दारात उभा राहिलो तेव्हा टोपी काढायची का बूट, तेच मला कळेना.

शहरात मोठी हॉटेलं होती. त्यातल्या निम्म्यांच्या छतावरची वेलबुट्टी आमच्याच लोकांच्या हातची. पण पुढच्या दारानं आम्हा काळ्यांना कोण आत घेतो? मग आमच्यात नटून-सजून प्यायचं ते घरातच. आणि घराघरांत पार्ट्या होत असल्या, तरी कार्निव्हलच्या आधीच्या रविवारी सिडोनीकडं बोलावणं यावं म्हणून बायका वर्षभर तिच्याशी गोड बोलायच्या.

त्या पार्टीचा मानकरी ओविद. तिथं प्यायचा तो जिनचा फिझ: जिन, लिंबू, साखर, साय, अंड्याचा पांढरा बलक आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी दोन थेंब. हे बर्फासकट शेकरमध्ये घालायचं आणि हलवत राहायचं. हात भरून येईस्तोवर. फेस ग्लासच्या काठावर उभा राहिला पाहिजे, पडता कामा नये. ओविद शेकर डोक्याच्या वर धरून हलवायचा, जसा छताला गिलावा देतोय. पोरीबाळी टाळ्या वाजवायच्या.

एका वर्षी मात्र घोळ झाला. पार्टीच्या थोडे दिवस आधी ओविद परांचीवरून पडला. फळी सरकली, आणि गडी उजव्या खांद्यावर आला, घमेल्यासकट. उठला, चुना झटकला, माझ्याकडं वळला.

"तेओ, काय बघितलंस?"

"काय न्हाई."

"शाब्बास."

पण हात छातीच्या वर जाईना. छतवाल्याचा हात वर गेला नाही, तर राहिलं काय? त्यातून नदीकाठच्या जुन्या चर्चचं सगळं छत नव्यानं करायचं होतं, दोन-तीन वर्षांचं काम, आणि त्याचा मुकादम कोण हे सोमवारी आनातोल ठरवणार होता. आनातोल आमच्या गवंड्यांच्या युनियनचा कारभारी. सरळ माणूस, पण दगड. आणि आमच्यात रीत अशी, की छताच्या कडेच्या नक्षीचा पहिला पट्टा, ओल्या चुन्यावर साचा फिरवून, मुकादमानं स्वतःच्या हातानं ओढायचा. तो ओढता आला नाही, तर तो मुकादम कसला?

"पार्टी रद्द कर, सिडो," ओविद म्हणाला. मी तिथंच उभा होतो.

"रद्द केली तर समदा वॉर्ड इचारंल, घरात कोण आजारी हाय. आन इचारणाऱ्यात पयला आनातोल."

"मग मी शेकर कसा हलवू?"

सिडोनीनं तोंडातली टाचणी काढून उशीत टोचली. "तू एकटा न्हाई हलवायचा. औंदा रांग लावू. समद्यांनी हलवायचा, एकाच्या हातातनं दुसऱ्याच्या. नवी टूम म्हनू."

रविवारी मी दुपारपासून तिच्याकडं. बर्फाची लादी पोत्यात घालून ओविदच्याच मोगरीनं फोडली. ग्लास शेजारपाजारच्या चार घरांतून आलेले. कुणाचा कुणाला कळावा म्हणून तिनं प्रत्येक घराचा वेगळा रेशमी दोरा दांडीला बांधलेला. लोकांना वाटलं, काय ती नजाकत! कालवांनी भरलेल्या मैद्याच्या खुसखुशीत वाट्या, मसाल्यात मुरवलेली कोळंबी, अक्रोडासारखी तिखट पेकन. सगळं एका घासात तोंडात जाईल एवढंच. "एका हातात ग्लास हाय, सुरी-काटा काय पायानं धरत्यात?" असं मला म्हणत ती परकर खोचून बर्फाचं पाणी पुसत होती. मी टोपल्या ठेवून वळलो तर तीच बाई गडद हिरव्या साटीनमध्ये पुढच्या दारात उभी. केसाची बट जागची हललेली नाही. मी आ वासूनच बघत राहिलो.

मग माणसं आली. सिडोनी त्यांच्यातून कशी फिरायची, ते सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत. दोघांचं बोलणं संपत आलं, की ती तिसऱ्याला आणून सोडायची. कुंपणावरून वर्षभर अबोला धरलेले दोन शेजारी होते. तिनं जाताजाता एकाच्या हातात कोळंबीचं ताट दिलं आणि दुसऱ्याच्या हातात त्यासोबतची चटणी. करतात काय! एकमेकांशिवाय खाता येईना. थोड्या वेळानं दोघं हसत होते. ज्याला तिसरा ग्लास पचत नाही, त्याच्यापाशी तिसऱ्या वेळी ताटच पोचायचं. आणि हे करताना बाई कुठंही घाईत दिसली नाही. आमच्या गावच्या बैल हाकणाऱ्यांत एखादाच असा असतो, चाबूक न उचलता जोडी वळवणारा.

रांगेची टूमही चालली. शेकर या हातातून त्या हातात, बर्फाचा खळखळाट, बायका किंचाळत होत्या, "अगं, बोटं गोठली!" ओविद मध्यभागी उभा राहून फक्त ओतत होता, डाव्या हातानं.

फिलोमेन ही सिडोनीची चुलतबहीण. तिच्या बोलण्यात लिंबू वेगळं पिळावं लागत नाही.

"काय रं ओविद," ती म्हणाली, "यंदा बायकोनं शेकर काढून घेतला व्हय तुझ्याकडनं? का म्हातारा झालास?"

"तुझ्या नवऱ्याएवढा न्हाई झालो."

"माझा नवरा निदान हात वर करून शपथ तरी घेतो, बाबा. दर सोमवारी, पुन्हा पिणार न्हाई म्हनून."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "ओविद! डोक्यावर!" मग सगळेच, "वर! वर! वर!" पाय आपटायला लागले. आनातोल खिडकीशी उभा होता. तो ओरडत नव्हता. बघत होता.

ओविदनं शेकर उजव्या हातात घेतला. मी म्हटलं, मेला. हात छातीपर्यंत गेला, तिथून जरा वर, आणि गड्याचा चेहरा भिजल्या चुन्यासारखा झाला. ओठ पांढरे. तरी हसतोय.

सिडोनी त्याच्याकडं गेली. धावली नाही. त्याच्या हातातून शेकर अलगद काढून घेतला, जसं नाचायला आलेल्या माणसाची टोपी काढून ठेवावी. आणि लोकांकडं वळून, आवाज जराही न चढवता म्हणाली,

"ओविदचा खांदा गेलाय. परांचीवरनं पडला. हात वर जात न्हाई, आन कदाचित जाणारबी न्हाई. मंगळवारी हजामाच्या दुकानात तुमाला कळलंच असतं. म्या म्हनलं, माझ्या घरात कळावं, हातात ग्लास असताना."

ओविद तिच्याकडं बघत राहिला. मी जन्मात पुष्कळ धीराची माणसं पाहिली. पुरात गाय सोडवायला उडी मारलेली पाहिली. पण नवऱ्याची भाकरी अशी सगळ्यांसमोर ताटात मांडून, वर हनुवटी सरळ ठेवून उभी राहिलेली बाई मी तेव्हाच पाहिली. तिनं काही मागितलं नाही. रडली नाही. एवढंच म्हणाली, "साय फुटंल. कोण हलवतंय?"

पहिली फिलोमेन पुढं आली. "आण इकडं," म्हणाली, "मला काय ठावं, बाई. माझ्या जिभेला हाड न्हाई." आणि दातओठ खाऊन हलवायला लागली. मग बाकीचे. सगळ्यात शेवटी आनातोलनं कोट काढून खिडकीवर टाकला, शेकर घेतला, आणि बराच वेळ कुणाला दिलाच नाही. खाली बघून हलवत होता. त्याच्या मनात काय चाललंय ते कळेना.

सातला सिडोनीनं पुढचं दार उघडलं. निघा असं ती कधी म्हणायची नाही. दार उघडून बाहेरच्या हवेचं कौतुक करायची. माणसं आपोआप निघाली. आनातोल उंबऱ्यात थांबला.

"माझी पंचाईत केलीस, सिडोनी."

"म्या तर पाजलं फकस्त."

"लपवलं असतंस, आन मला मागनं कळलं असतं, तर त्याला कामावरनं हाकलला असता. पुन्हा उभा न्हाई केला असता."

"ठावं हाय मला."

"उद्या सकाळी सातला चर्चमदी. ओविद मुकादम. पयला पट्टा तेओ वढंल, ओविद खाली उभा राहून सांगंल. रीत मोडली म्हनून कोण बोललं, तर माझ्याकडं धाडा. पण पट्टा वाकडा आला, तर दोघंबी घरी."

माझ्या तोंडातली पेकन घशात अडकली.

"ह्ये त्यालाच सांग की," सिडोनी म्हणाली. "मी बायको हाय त्याची, निरोप्या न्हाई."

आनातोल मुकाट्यानं माघारी आत गेला. मागच्या खोलीतून दोघांचा बोलण्याचा आवाज आला, मग ओविदचं खोकल्यासारखं हसणं.

मी मागच्या पायरीवर गेलो तर सिडोनी तिथं येऊन टेकलेली. बूट काढलेले, पाय सुजून लाल. मांडीवर ताटली, त्यात कालवांच्या फुटक्या वाट्या. दिवसभरात तिनं पहिल्यांदा खाल्लं असावं.

"मिस सिडोनी," मी म्हटलं, "लपवायचं ठरलं हुतं न्हवं?"

"हुतं." तिनं बोट चाटलं. "पण ओविदचं त्वांड बघितलं. आनातोल घरातला पाव्हणा. पाव्हण्याला खोटं पाजायचं व्हय?"

मी मान डोलावली. मग ती माझ्याकडं तिरकं बघत म्हणाली, "साय कवाच संपली हुती. शेवटच्या फेऱ्या डब्यातल्या दुधाच्या. आनातोलचा त्यातलाच."

"मग ते?"

"ते निराळं," ती म्हणाली. "फेस उभा राहिला न्हवं?"

राहिला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता, काठाच्या वर बोटभर.