‘काही येत नाही’ म्हणायची सवय

परवा मंगळवारी सकाळी पारोळा स्टँडवर धुळ्याची एसटी लागली आणि मी फाइल उघडून तिसऱ्यांदा कागद मोजले. मुलाखत माझी नव्हती... बहिणीची होती.

योगिता एकोणीस वर्षांची. जन्मापासून तिचा उजवा हात आणि उजवा पाय नीट चालत नाही, एक कुबडी लागते. दर महिन्याला तिची दिव्यांग पेन्शन येते, आणि वडील गेल्यापासून आमच्या घरात भरवशाने येणारी तेवढी एकच गोष्ट आहे. माझी कमाई धरू नका... मी कधी सुरतला, कधी नशिराबादच्या गॅरेजवर, कधी नुसताच. बारावीपण अर्धीच सोडली.

तर धुळ्यात दिव्यांग मुलांसाठी सहा महिन्यांचं ऑफिस-कॉम्प्युटरचं ट्रेनिंग आहे, हॉस्टेलसकट. वर थोडा स्टायपेंड बँकेत जमा होतो. माय तिथेच घाबरली. खात्यात दुसरे पैसे दिसले आणि पेन्शन बंद पडली तर? वर नोकरीही नाही लागली तर?

आमच्या गल्लीतल्या एका आबांची पेन्शन अशीच मध्ये थांबली होती. का थांबली, ते अजून कुणालाच कळलेलं नाही. कारण कळलं असतं तर भीती तरी कमी वाटली असती...

निघताना मायने योगिताला बजावलं, "कोनी इचारं तं काही येत नई सांगजो."

हे वाक्य आमच्या घरात जुनं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला तहसीलला जायचं, तेव्हा माय हेच शिकवायची. एक कुबडी पुरते तिथे दोन घ्यायला लावायची, जुना ड्रेस घालायला लावायची. साहेबांनी कधी काही विचारलंसुद्धा नाही बरं का... पण योगिता दहा वर्षांची असल्यापासून ही तयारी चालू आहे.

आणि पीकविम्यापासून रेशनकार्डापर्यंत गल्लीतल्या बठ्ठ्यांचे, म्हणजे सगळ्यांचे फॉर्म कोण भरतं? हीच. मोबाइलवर, डाव्या अंगठ्याने.

धुळ्यात उतरलो तर समोर गाडीवर गरम भजी. मी लगेच तिकडे वळलो... भीती वाटली की मला काहीतरी खावंसं वाटतं. मागून आवाज आला, "दादा, तुझी मुलाखत नंतर. आधी माझी."

सेंटरवर एक मॅडम होत्या, बोलायला बऱ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुला काय काय येतं?"

योगिता म्हणाली, "काही येत नाही."

नऊ वर्षांचा पाठ तिने जसाच्या तसा म्हणून दाखवला होता. मॅडमनी पेन उचललं. मला बोलता आलं असतं... पण पेन्शन आठवली आणि तोंडच उघडेना. खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं. इथे नाव लागलं नाही तर सगळं आहे तसं राहील.

मग मॅडमनी तिचा अर्ज पुन्हा उलटून पाहिला. "हा कोणी भरला? एक चूक नाही यात. इथे भलेभले जन्मतारखेच्या जागी आजची तारीख टाकतात."

योगिताने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

"मी," ती म्हणाली. आणि मग थांबेचना... "गल्लीतले बठ्ठे मीच भरते."

तिचं नाव लागलं. पेन्शनचं मात्र मॅडमनी सरळ सांगितलं की स्टायपेंडमुळे काय होईल याची खात्री त्या देऊ शकत नाहीत. तहसीलला लेखी विचारा, उत्तरही लेखीच घ्या. जागा सोमवारपर्यंत धरून ठेवतील.

भजी राहिलीच. घरी माय दारातच उभी, "काय व्हयनं वं?" योगिताने सगळं सांगितलं. माय मटकन खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं... ती एवढंच म्हणाली, "पेन्शन बंद व्हई गई तं?"

काल योगिताने डाव्या हाताने तहसीलसाठी अर्ज लिहिला. आज सकाळी तिघं निघालो. मायने सवयीने कोपऱ्यातल्या दोन्ही कुबड्या उचलल्या... तशीच हातात धरून उभी राहिली. मग एक परत ठेवून दिली.

हे मी तहसीलच्या बाहेर, चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. त्या दोघी आत आहेत. काय होईल माहीत नाही, बिस्किटाचा दुसरा पुडा फोडलाय... पण साहेबांनी आज विचारलंच, तर काय सांगायचं हे योगिताला घरून कुणी शिकवून पाठवलेलं नाही.