कशेळे नाक्यावरच्या चार आरामखुर्च्या

माझ्या धाकट्या बहिणीचं कॉफीचं दुकान मी एका दुपारी गाढ झोपवलं. बंद पाडलं असं कोणी म्हणू नये. दार सताड उघडं होतं.

प्रज्ञाचं दुकान कशेळे नाक्यावर, जीपच्या थांब्यासमोर. एक शेगडी, दोन कडक बाकं आणि भिंतीवर बुद्धाचा फोटो. तिचा नवरा मिलिंद वरच्या वाड्यांपर्यंत प्रवासी जीप चालवतो. ही जीप भरल्याशिवाय हलत नाही. (कायद्याने तिच्यात किती माणसं बसतात, हा प्रश्न मिलिंदने कधी मनाला लावून घेतलेला नाही.) ती भरेपर्यंत लोक प्रज्ञाकडे कॉफी पितात. दोन जागा उरल्या की मिलिंद बॉनेटवर थाप मारून ओरडतो, "दोन शीट, दोन शीट!" आणि सगळे उरलेली कॉफी घशात ओतून धावत सुटतात.

मग कर्जत रस्त्यावर एका बड्या कंपनीचं काचेचं कॉफीचं दुकान आलं. शहरातल्या गाड्या नाक्याच्या अलीकडेच तिकडे वळायला लागल्या. शिवाय तिथले टायवाले साहेब स्वतः येऊन प्रज्ञाला नोकरी देऊ करून गेले. तपकिरी टोपी घालायची आणि त्यांची कॉफी विकायची. बाजाराच्या दिवशी चार वाजता ते उत्तर घ्यायला येणार होते.

"तवर गिऱ्हाईक परत आलं तर ठीक, दादा," प्रज्ञा म्हणाली. "नायतर घालते टोपी."

ती हसत म्हणाली, पण नंतर बराच वेळ एकच कप पुसत बसली.

मी तीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली. वाचक फारसे येत नसत, त्यामुळे वाचन भरपूर झालं. कॉफीच्या दुकानात तासन्‌तास बसून लोकांनी राज्यं उलथवल्याचं मी वाचलेलं होतं. कडक बाकावर बसून कोणी राज्य उलथवत नाही, हे उघड आहे. बड्या दुकानाकडे काच आहे, यंत्र आहे. आपल्याकडे निवांतपणा हवा, असं मी बोट वर करून जाहीर केलं. मिलिंदने माझ्या बोटाकडे पाहिलं आणि तो टायर बघायला गेला.

बाजाराच्या दिवशी प्रज्ञा कॉफीची पूड आणायला कर्जतला गेली. दुकान माझ्या ताब्यात! मी बाकं मागे टाकली आणि घरच्या दोन व शेजारच्या दोन आरामखुर्च्या मांडल्या. खाली सतरंजी अंथरली, दाराला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारलं, बासरी अगदी हळू लावली. राहता राहिली मिलिंदची आरोळी. तिला मी बंदी घातली. जीप भरत आली की मी स्वतः प्रत्येकाच्या कानाशी जाऊन सांगेन, असं ठरलं.

बाजार करून दमलेले वाडीचे लोक आत आले. सोमीबाईने सुकटीची टोपली भिंतीशी ठेवली आणि आरामखुर्चीत बसून पाहिलं. "पाळन्यावानी हाय गं," ती शेजारणीला म्हणाली. पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. वाळ्याचा गार वास, पडद्यातून गाळून आलेलं हिरवट ऊन, दूर कुठेतरी बासरी. सतरंजीवरची डोकी एकेक करून भिंतीला टेकली. मी समाधानाने दुसऱ्या खुर्चीत बसलो. आता इथे विचार जन्माला येणार, असं मला वाटलं. तो त्या दुपारचा माझा शेवटचा विचार.

पुढचं मला प्रज्ञाकडून कळलं. साडेचारला ती परतली तेव्हा जीप रिकामी उभी होती, कारण सगळे प्रवासी आत निजले होते. प्रवासी का येत नाहीत ते बघायला आलेला मिलिंद तिसऱ्या खुर्चीत निजला होता. बरोबर चारला आलेले टायवाले साहेब चौथ्या खुर्चीत, तोंड उघडं टाकून. त्यांच्या मांडीवर प्रज्ञासाठी आणलेली कोरी टोपी होती, आणि टोपीत सोमीबाईची सुकट फस्त करून आलेलं मांजर निजलं होतं. भिंतीवरच्या बुद्धाचे डोळे अर्धे मिटलेले असतात. त्या दुपारी दुकानात सर्वांत जागा तोच होता.

प्रज्ञा पुडीची पिशवी खाली ठेवून वळली. बाहेर गेली आणि बॉनेटवर थाप मारून ओरडली, "दोन शीट!"

डोळे उघडले तेव्हा मी जीपमध्ये होतो. सगळेच होते. साहेब दोन बायकांच्या मधे, टाय खांद्यावर. मिलिंद मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून ड्रायव्हरची वाट पाहत होता.

सोमीबाईने रिकामी टोपली माझ्यासमोर धरली. "बाबा, कॉफी जागं ऱ्हायाला पितात ना?"

"हो."

"मंग हितं निजवलंस कशापायी?"

मी बाजारात जाऊन सुकट आणली. तोवर प्रज्ञाने जीपमध्येच सगळ्यांना कडक कॉफी दिली. साहेबांनी ती दोनदा मागून घेतली आणि अशी झोप लग्नानंतर प्रथमच लागल्याचं सांगितलं.

"टोपी राहू दे, साहेब," प्रज्ञा म्हणाली. "मांजराला बसली ती. मी हाय ती बरी हाय."

साहेबांनी टोपीचा वास घेतला आणि आग्रह केला नाही. खुर्च्या मात्र मागितल्या. प्रज्ञाने माझ्याकडे न बघता चारही देऊन टाकल्या. (दोन शेजारच्यांच्या होत्या. तिकडून मी अजून जात नाही.)

आता काचेच्या दुकानात शहरातले लोक एका कपावर दुपारभर झोपतात. नव्यांना जागा नसते, म्हणून त्यांच्या गाड्या पुढे नाक्यावर येतात आणि ते आमच्या कडक बाकांवर बसतात. मिलिंदने आरोळी ठोकली की तेही दचकून कप रिकामा करतात आणि दुसरा मागतात.

साहेब मला अधूनमधून सल्ल्याला बोलावतात. मिलिंद कामधंदा टाकून मला तिथवर फुकट सोडतो. "दादा, आणखी कायतरी सुचवा त्यांना," असं प्रज्ञा हात जोडून सांगते. घरच्या धंद्याला माझा एवढाच उपयोग आहे.