आत्याच्या टेबलावरच्या पट्ट्या

प्रयोगशाळेत तिला सगळे 'थेंबवाली' म्हणत. नखाएवढ्या इलेक्ट्रोडवर एन्झाइमचा इवलासा थेंब सोडायचा, वाळवायचा, की पाणी तपासायची पट्टी तयार. पाणी चांगलं असलं तर यंत्रावर विजेचा ठरलेला आकडा यायचा. पाण्यात पारा असला तर एन्झाइम लुळं पडायचं आणि आकडा घसरायचा. तिचा हात असा बसलेला, की चार वर्षांत तिच्या पट्टीला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

खोलीला रंग द्यायचा म्हणून तिला तिच्या जागेवरून हलवून कोपऱ्यातल्या जुन्या टेबलावर बसवलं आणि चक्रं उलटी फिरली. पट्टी वापरण्याआधीच मेलेली! प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कावल्या. "लक्ष कुठे असतं हल्ली तुमचं?"

तिच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी एकाच बाटलीतले थेंब घेऊन तिनं दहा पट्ट्या खिडकीशी वाळवल्या, दहा कोपऱ्यात. खिडकीतल्या धडधाकट, कोपऱ्यातल्या गार. तिनं टेबलाचा खण ओढून काढला. फळ्यांच्या फटींत खसखशीएवढे चंदेरी मणी चमकत होते.

मॅडमचा चेहराच उतरला. "पारा! त्याची वाफ बसत होती पट्ट्यांवर. आधी बाहेर व्हा सगळे!"

त्या टेबलावर बावीस वर्षं तिची आत्या थर्मामीटर तपासत बसली होती. ही नोकरीही आत्यानंच जुन्या ओळखीतून लावून दिलेली. संध्याकाळी ती तडक आत्याकडे गेली.

"आत्या, थर्मामीटर फुटला की काय करायचीस गं?"

"काय करणार? सांडलेला पारा खणात लोटायचे. साहेबांची बोलणी कोण खाणार!" आत्या हसली. पाण्याचा पेला पुढे करताना तिच्या हातून निम्मं पाणी सांडलं. हात थरथरतात, विसरते, चिडते. घरात सगळे तिच्या स्वभावाला हसायचे. हीसुद्धा.

दोघी डॉक्टरांकडे गेल्या. भाचीच्या लघवीत थोडा पारा निघाला, उतरेल म्हणाले. आत्याच्या तपासणीत काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "निवृत्त होऊन सात वर्षं झाली. पाऱ्यामुळेच हे झालं, असं आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. शक्यता मात्र दाट आहे."

मॅडमनी तिची माफी मागितली, खोलीला कुलूप लागलं. आत्याच्या नुकसानभरपाईच्या अर्जावर कचेरीनं पुरावा मागितला.

ते सगळं आत्यानं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा स्वभाव वाईट नव्हता ना गं?"

"नव्हता, आत्या."

"मग बावीस वर्षांत एकानंही सांगितलं का नाही?"

"हसणाऱ्यांत मीही होते, आत्या," ती म्हणाली.