ग्रेपफ्रूटची पेटी आणि माझी लपवलेली गोळी

मैत्रिणींनो, आत्ताच दवाखान्यातून आले, सांगितल्याशिवाय राहवेना!

पिंपळगावच्या मामांनी ग्रेपफ्रूटची पेटी पाठवल्यापासून रोज रस पितेय आणि मला मळमळतंय. सासूबाईंना वाटलं, गोड बातमी! आंबट हवंच म्हणून त्या आणखी एक ग्लास द्यायच्या.

टेस्ट निगेटिव्ह आली. सासूबाईंसमोरच डॉक्टरांनी विचारलं, "कुठली गोळी चालू आहे?" चोरून घेतलेली गर्भनिरोधक गोळी सांगावीच लागली.

"मग ग्रेपफ्रूट बंद! त्याने गोळीतलं हॉर्मोन रक्तात वाढू शकतं. मळमळ त्यानेही होते. बीपी-कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबतही ते चालत नाही."

रिक्षाने सातपूरला घरी आलो. दारात चप्पल काढताना सासूबाई म्हणाल्या, "मूल कधी हवं, हे आम्हाला कोणी विचारलंच नाही गं. तू गोळी घे."

आता दोघी उरलेली फळं वाटायला निघालोय. प्रत्येक दारात आधी विचारणार, गोळी कुठली चालू आहे?

तुमची कुठली?