टॉवरला आमच्या गल्लीची हरकत आहे

रविवार, सकाळी साडेदहा. दादर पूर्वेला आमच्या गल्लीतल्या एका सोसायटीचं पार्किंग. भाड्याच्या पन्नास खुर्च्या, एक माईक, दोन स्पीकर. विषय: कोपऱ्यावर येऊ घातलेला बावीस मजली टॉवर.

तीस वर्षं मी महापालिकेच्या बातम्या दिल्या. तेव्हा एकेका किश्श्यासाठी वॉर्डावॉर्डांतून पायपीट करावी लागायची. आता निवृत्त होऊन घरी बसले, तर किस्से जिना चढून वर येतात आणि बेल वाजवतात!

प्रकरण साधं आहे. कोपऱ्यावर एक तीन मजली चाळ होती. ती धोकादायक ठरली, पाडली. तिथली तीस बिऱ्हाडं लांब ट्रान्झिट कॅम्पात गेली. नवी इमारत झाली की त्यांना त्याच जागी घरं मिळणार. खाली त्यांची घरं, वर विकायचे फ्लॅट. वरचे मजले कापले तर बिल्डर हात वर करणार, आणि खालची घरंही गेली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आमच्या गल्लीनं ‘शांतता बचाव समिती’ काढली.

तर त्या सभेत समितीचे अध्यक्ष प्रधान साहेब माईक हातात घेऊन गरजले, “शांतता हा आमच्या गल्लीचा प्राण आहे!” टाळ्या. स्पीकर शिट्टी मारायला लागला. दहा मिनिटांत एक हवालदार आला. म्हणाला, “आवाजाची कम्प्लेंट आलीय.”

“कोणाची?” प्रधान साहेब तडकले.

“ह्याच गल्लीतनं. नाव नाही सांगणार. मीटिंग कसली आहे?”

“शांततेची.”

हवालदारानं एकदा स्पीकरकडे बघितलं, एकदा प्रधान साहेबांकडे. “मग ती जरा हळू घ्या ना, साहेब.”

*

दत्ताराम परब चाळीतल्या पहिल्या मजल्यावरचे. छापखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. चाळ पडली तरी सकाळचा चहा ते आमच्याच नाक्यावर घेतात. त्यासाठी दोन बस बदलून येतात. मी एकदा म्हटलं, “परब, तिकडे चहा मिळत नाही का?”

“मिळतो हो ताई. पण तिकडे मला कोण नावानं हाक मारत नाय.”

एकदा नाक्यावर वैद्य वहिनी भेटल्या. वहिनी समितीच्या सेक्रेटरी. परबांना बघून त्यांचा आवाज मऊ झाला. “परब, तुमच्याबद्दल काही नाही हं आमचं. पण टॉवर झाला की आमचं ऊन जाईल. सकाळचं कोवळं ऊन!”

परब वर बघत राहिले. वहिनींची बाल्कनी बेडरूममध्ये गेलेली. काचा काळ्या, एसी चालू, पडदे बंद.

“वहिनी,” परबांनी बशीतला चहा फुंकला, “बाल्कनी आत घेतलीत, तेव्हा उन्हाला नोटीस दिलेली काय?”

*

मग गाड्यांचा मुद्दा निघाला. टॉवर म्हणजे गाड्या, गाड्या म्हणजे कोंडी. पुरावा हवा म्हणून समितीनं एका रविवारी रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या. नंबर लिहिले, मालक शोधले. रिपोर्ट तयार झाला आणि गायबही झाला. मी मागितला तर वहिनी म्हणाल्या, “तो अंतर्गत आहे.”

तो कसा मिळवायचा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या समितीच्याच सभासदांच्या निघाल्या! प्रधान साहेबांच्या एकट्यांच्या तीन. त्यातली एक लॉकडाऊनपासून हललेली नाही. तिच्याखाली एका मांजरीची तीन बाळंतपणं झाली.

“साहेब, ती तरी काढा,” मी म्हटलं.

“कशी काढू? पिल्लं लहान आहेत,” ते गंभीरपणे म्हणाले. “आपल्या गल्लीत माणुसकी आहे अजून.”

*

कोपऱ्यावरच्या प्लॉटमध्ये एक जुनं बदामाचं झाड आहे. नकाशात ते राखलेलं आहे, मी स्वतः बघितलंय. तरी समितीनं ‘झाड वाचवा’ मोहीम घेतली. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, वहिनींनी झाडाला मिठी मारली, आणि झाडावर पत्र्याचा बोर्ड ठोकला: ‘आम्ही या झाडाचे सोबती’.

चार इंचांचे सहा खिळे!

दुसऱ्या दिवशी परब पक्कड घेऊन आले. स्टुलावर चढून एकेक खिळा उपटला. बोर्ड पुसून वहिनींच्या वॉचमनकडे नेऊन दिला. “सांग मॅडमना, सोबती जरा लांबूनच बरे.”

*

आता माझ्या आवडीचा किस्सा. हे खोडसाळ होतं, कबूल. पण हात शिवशिवत होते.

जुन्या ओळखीनं वॉर्ड ऑफिसात मला एक पिवळं पडलेलं हरकतपत्र मिळालं. समितीच्या पुढच्या सभेत मी उभी राहिले. म्हटलं, एक मसुदा वाचून दाखवते, कसा वाटतो बघा.

“या अजस्र इमारतीमुळे आमच्या शांत गल्लीचे रूप कायमचे बिघडेल. इतकी बिऱ्हाडे एका जागी कोंबल्यास नळाला पाणी उरणार नाही. येणारे लोक कोण, कुठले, त्यांच्या चालीरीती काय, याची शाश्वती नाही.”

सभा हलली. “वा!” प्रधान साहेब उठून उभे राहिले. “जसंच्या तसं घाला हे. एक अक्षर बदलू नका. कोणी लिहिलंय?”

“समोरच्या बंगल्यातल्या मालकांनी. आता ते नाहीत, बंगलाही नाही.”

“आणि कोणत्या टॉवरबद्दल?”

“टॉवर नाही, साहेब. चार मजली बिल्डिंग. तुमची.”

प्रधान साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, “माणसाची भाषा मात्र चांगली होती.”

आणि तो मजकूर त्यांनी खरंच घातला!

*

हा किस्सा छोटासाच. बिल्डरनं प्लॉटवर सेल्स ऑफिस थाटलं. तिथल्या मुलीनं मला रजिस्टर दाखवलं: सतराव्या मजल्यासाठी चौकशी, नाव प्रधान, सोबत सूनबाई.

विचारल्यावर साहेब अजिबात डगमगले नाहीत. “शत्रूच्या गोटात शिरल्याशिवाय माहिती मिळते का, मॅडम?”

“आणि काय माहिती मिळाली?”

“समुद्र दिसतो,” ते हळूच म्हणाले.

*

बिल्डरांशी मी जन्मभर भांडले आहे, पुढेही भांडेन. गल्लीत फायर ब्रिगेडची गाडी वळेल का, हा खरा प्रश्न आहे. तो समितीच्या एकाही हरकतीत नव्हता. ते सोडा.

समितीनं बेचाळीस हरकती दाखल केल्या आणि सुनावणी लागली. अधिकारी तरुण, कामात चोख. एकेक नाव पुकारायचा, हरकतदार उभा राहायचा, ऊन नाहीतर शांतता म्हणायचा, बसायचा. चाळवाल्यांतले परब मागच्या बाकावर होते. समिती जिंकली तर त्यांचं घर जाणार, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

“हरकत क्रमांक सदतीस. पार्वतीबाई सखाराम परब.”

कोणी उठलं नाही. अधिकाऱ्यानं परत पुकारलं. मग मागून परब उभे राहिले.

“ती माझी आई, साहेब.”

“त्या आल्या नाहीत का?”

“कॅम्पातच गेली. दीड वर्ष झालं.”

अधिकाऱ्यानं कागद उलटसुलट केला. “पण अर्ज तर यंदाचा आहे. टॉवर होऊ नये म्हणतात त्या.”

“तिला तर घरी यायचं होतं,” परब म्हणाले.

वैद्य वहिनी लगबगीनं उठल्या. “सर, काहीतरी घोळ झालाय. नावं आम्ही गणपतीच्या वर्गणीच्या जुन्या यादीवरून घेतली. चाळीतली नावंही त्यात होती. गणपती आमचा एकच होता ना!”

“नाव यादीवरून घेतलंत, मॅडम. पण इथं सही आहे.”

परब पुढं गेले. कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. एरवी चारचौघांत नीट मराठी बोलणारा माणूस, एकदम घरातलं बोलला.

“साहेब, माझ्या आवशीन जल्मभर अंगठोच मारल्यान.”

अधिकाऱ्यानं समितीकडे बघून विचारलं, “मग ही सही कोणाची?”

प्रधान साहेब छताकडे बघत होते. वहिनी पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

सुनावणी पुढे ढकलली. त्याला चार महिने झाले. इमारतीचं काम तिथंच अडलंय, परब अजून दोन बस बदलून चहाला येतात, आणि हरकत क्रमांक सदतीस त्या फायलीत तशीच लावलेली आहे. खाली सही इंग्रजीत आहे, वळणदार. सहीखाली झोकात ओढलेली रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं.